लोखंडातलं सुतारकाम

'मराठी विभागाला पानं कमी पडताहेत, तू इंग्लंडला जाऊन आलीस ना, मग लिही की!' असं फर्मान आमच्या संपादिकाबाईंनी (म्हणजे माझ्या रूम-पार्टनरनेच) मेसच्या रांगेत काढलं. मी पडले कॉन्व्हेंटची. मराठीत यापूर्वी मी सलग लिहिलंय ते फक्त दहावीच्या पेपरात. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासलंय. चुका राहिल्या असतील तर तिला पकडा!

आधीच सांगते, यात बिग बेन नाही आणि लंडन आयसुद्धा नाही. लंडनचा फक्त विमानतळ पाहिला. माझा मामा श्रॉपशर परगण्यात टेल्फर्डला राहतो, मामी तिथे नर्स आहे. आजोबांना (आईच्या वडिलांना) एकदा मुलाचं घर बघायचं होतं, पण एकट्याने विमानात बसायची तयारी नव्हती. म्हणून २०२५ च्या जूनमध्ये सोबत म्हणून माझी वर्णी लागली. टेल्फर्ड हे अख्खं शहर थॉमस टेल्फर्ड या सिव्हिल इंजिनिअरच्या नावाने वसवलंय. आपल्याकडे इंजिनिअरच्या नावाने चौक असला तरी खूप झालं.

आजोबा राजापूरकडचे. आयुष्यभर सुतारकाम केलं. घरांचे वासे, देवळाचे दरवाजे, शाळेची बाकं, काय म्हणाल ते. इंग्रजी येत नाही. त्यामुळे दुभाषी मी! आणि इथेच घोळ होता, कारण पाटीवरचं इंग्रजी मला कळायचं, पण ते सांगायला मराठी शब्द सापडायचा नाही.

मामाने पहिल्या रविवारी मच वेनलॉकला नेलं. हे आपल्या बाजाराच्या गावासारखं गाव. चालत अर्ध्या तासात संपतं. एका बाजूला जुन्या मठाचे पडके कमानीदार अवशेष. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० मध्ये तो मठ बंद पाडला गेला. याच गावच्या डॉक्टर विल्यम पेनी ब्रुक्सने १८५० साली इथे 'ऑलिंपियन' खेळ सुरू केले. त्यात धावणं, क्रिकेट वगैरे होतंच, पण एके वर्षी म्हाताऱ्या बायकांची शर्यतही होती. बक्षीस काय, तर एक पौंड चहा! १८९० मध्ये फ्रान्सचा कुबर्तां हे खेळ बघायला इथे आला आणि पुढे १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक झालं. बिचारे ब्रुक्स त्याआधी चारच महिने गेले. लंडन ऑलिंपिकच्या (२०१२) त्या एकडोळ्या बाहुल्याचं नाव 'वेनलॉक' का होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी हे सगळं भक्तिभावाने सांगत होते आणि आजोबांचं लक्षच नव्हतं. ते गिल्डहॉलच्या खाली उभे होते. गिल्डहॉल म्हणजे गावची जुनी कचेरी. सोळाव्या शतकातली, ओकच्या जाडजूड खांबांवर उभी असलेली. एका खांबाला लोखंडी कड्या आहेत, गुन्हेगाराला त्यात अडकवून फटके मारायचे. सगळे पर्यटक कड्यांचे फोटो काढत होते. आजोबा मात्र मान वर करून खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे बघत होते.

'खिळा नाही बघ,' ते म्हणाले. 'ही कूस, ती खाच. आत घालून वरून लाकडी खुंटी मारलीय. आमच्यासारखंच.'

कूस! वर्कशॉपच्या जर्नलमध्ये मी 'मॉर्टिस अँड टेनन जॉइंट' ही आकृती दोनदा काढलीय (पहिल्यांदा सरांनी फाडली म्हणून). पण टेननला घरात एक शब्द आहे, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिझल्ट लागला. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये केटी. मामाच्या घरात सगळे माझ्याशी इतके हळू आवाजात बोलायला लागले की मला जास्तच रडू आलं. आजोबांनी एवढंच विचारलं, 'नापास कशात?' मी म्हटलं, 'एखादी वस्तू किती वजन पेलेल ते काढायचं असतं.' 'मग ते बघूनच कळतं की,' आजोबा म्हणाले. अशा वेळी माणसाने काय बोलावं?

संध्याकाळी मामाने जबरदस्तीने आयर्नब्रिजला नेलं. वेनलॉकपासून जेमतेम आठ किलोमीटर. खोल घळ, खालून सेव्हर्न नदी, आणि तिच्यावर कास्ट आयर्नचा जगातला पहिला मोठा पूल. १७७९ मध्ये उभा राहिला, १ जानेवारी १७८१ ला वाहतूक सुरू झाली. गाळा साधारण ३०.६ मीटर, लोखंड ३७८ टन, सतराशेच्या आसपास तुकडे. १९३४ पासून वाहनं बंद आहेत, माणसं चालतात. २०१८ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा त्याला पुन्हा मूळचा तांबूस-तपकिरी रंग दिला.

पुलाच्या टोकाला टोलनाका आहे. तिथल्या दरपत्रकात गाड्या, घोडे, डुकरं सगळ्यांचे दर आहेत, चालणाऱ्या माणसाला अर्धा पेनी. खाली तळटीप अशी की पूल खाजगी आहे, तेव्हा सैनिक असो, टपालगाडी असो की राजघराणं, पैसे सगळ्यांनी द्यायचे. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले. 'आणि आमच्या नाक्यावर कोणाकोणाच्या गाड्या सुटतात!'

मग ते पायऱ्यांवरून खाली काठावर उतरले. मी मागे. त्यांनी कमानीकडे पाहिलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

'काय गो, हे तर लाकडाचं काम आहे.'

खरंच होतं! रिव्हेट नाही, बोल्ट जवळजवळ नाहीतच. एका तुकड्याला भोक, दुसरा त्यातून आरपार, वरून पाचर. कुठे डव्हटेल. जसं गिल्डहॉलमध्ये, तसंच इथे, फक्त लोखंडात. कारण सरळ आहे. एवढं लोखंड पुलासाठी जोडायचं कसं, हे तोवर कोणी केलंच नव्हतं, म्हणून जे जोड माहीत होते तेच वापरले. सारखे दिसणारे तुकडेही मापाने तंतोतंत सारखे नाहीत, जागेवर बसवत बसवत ओतलेत.

'लोखंड फार घातलंय,' आजोबा म्हणाले. 'नवीन माल पहिल्यांदा हातात आला की माणूस भितो, जाड ठेवतो.'

मी फोनवर शोधलं. १७९६ मध्ये त्याच टेल्फर्डने थोड्या अंतरावर बिल्डवासला पूल बांधला. गाळा १३० फूट, म्हणजे यापेक्षा लांब, आणि लोखंड १७३ टन, म्हणजे निम्म्याहून कमी! आजोबांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी 'हं' केलं. जणू काही मीच त्यांचा पेपर तपासत होते आणि उत्तर बरोबर येणार हे त्यांना माहीतच होतं.

आणि मग ते वाचलं. हा पूल ओतणारा अब्राहम डार्बी तिसरा, त्याच्यावर पुलापायी आयुष्यभराचं कर्ज झालं. पण आराखडा थॉमस फार्नोल्स प्रिचर्डचा. तो १७७७ च्या डिसेंबरात वारला, पूल त्याने पाहिलाच नाही. आणि प्रिचर्ड मूळचा सुतार. बाप सुतार, स्वतःचं शिक्षण सुतारकामाचं.

'आजोबा, ज्याने हे काढलं ना, तो सुतार होता.'

'पुस्तकात तसं लिहिलंय?'

'पुस्तकात आर्किटेक्ट लिहितात.'

'हां,' ते म्हणाले. 'तसंच लिहितात.'

मला एकदम घाम फुटला. पाचवीत आम्हाला 'माय फॅमिली ट्री' प्रोजेक्ट होता. वर्गात कोणाचे आजोबा कर्नल, कोणाचे डॉक्टर. मी माझ्या आजोबांच्या फोटोखाली 'कॉन्ट्रॅक्टर' लिहिलं होतं. त्या प्रोजेक्टची सागवानी फ्रेम आजोबांनीच करून दिली होती, आणि आईने त्यांना सगळं वाचून दाखवलं होतं. तेव्हा ते काही बोलले नव्हते. आता नदीकाठी ते आठवून बोलले की सहज, ते मला आजही माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

'मी शाळेत चुकीचं लिहिलं होतं,' एवढंच म्हटलं.

ते पाचरीकडे बघत होते. 'ही वरून मारलीय की खालून, ते सांग आधी,' म्हणाले. मी वाकून बघितलं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मामा वरून हाका मारत होता, पार्किंगचे पैसे वाढत होते.

रात्री जेवणानंतर आजोबांनी मामीच्या वीजबिलाच्या पाकिटामागे पेन्सिलीने तो जोड काढला. तो कागद इथे हॉस्टेलवर माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मापं इंच आणि सुतात आहेत. आमच्या ड्रॉइंगच्या सरांना सूत चालणार नाही. पण फोटोवर पट्टी ठेवून मी पडताळून पाहिलं, प्रमाण बरोबर आहे.