जांबोटीचे इंजिन

बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे निघालेल्या प्रवाशाच्या लेखी जांबोटी म्हणजे चहा घेण्याचे एक ठिकाण. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून उजवीकडे वळावे, किणये, कुसमळी मागे टाकावी, तांबड्या मातीचा रंग हळूहळू गडद होत जावा आणि भाताच्या खाचरांची जागा झाडीने घ्यावी, की जांबोटी आलीच. पुढे कणकुंबीला मलप्रभेचा उगम. सह्याद्रीच्या इतक्या काठावर जन्मूनही ही नदी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला कृष्णेच्या भेटीस जाते, आणि याच तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. भूगोलाच्या तासाला हे दोन शेजारी जलमार्ग मी मुलांना वर्षानुवर्षे दाखवीत आलो आहे.

पण मी जांबोटीला जातो तो निसर्ग पाहण्यासाठी नव्हे. तेथे माझी आक्का दिली आहे. गेल्या वर्षभरात मात्र आक्कापेक्षा तिच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्येच माझा अधिक वेळ गेला. आक्काचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, हे बेळगावच्या उद्यमबागेत उभा जन्म लेथवर काढलेले टर्नर. निवृत्त होताना त्यांनी साडेचार फुटी जुना लेथ विकत घेऊन घरी आणला. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्यांवर तेलाचा हात फिरला नाही असा एक दिवस जात नाही. जांबोटीच्या हवेत एका रात्रीत लोखंड तांबूस होते.

शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जीप उभी होती. ती भावोजींच्या थोरल्या बंधूंची. त्या काळी या वाटेला रात्री वाहन मिळणे दुरापास्त होते. साप चावलेला माणूस असो की अडलेली बाई, लोक याच दारात येत आणि थोरले बंधू अंगावर घोंगडे घेऊन हँडल मारीत. माझा थोरला भाचा किणयेच्या अलीकडे, भर आषाढात, याच गाडीत जन्मला. ते बंधू आता नाहीत. शेवटच्या आजारपणात ‘एकदा आवाज ऐकव तिचा’ असे ते भावोजींना म्हणत राहिले, आणि ते घडले नाही.

जीपचे कूळही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या विलीस-ओव्हरलँड कंपनीत १९३८ साली डेल्मर रूस नावाचा अभियंता आला. कंपनीचे जेमतेम ४८ अश्वशक्तीचे इंजिन त्याने नेटाने सुधारून ६० अश्वशक्तीवर नेले. तेच पुढे महायुद्धातल्या जीपमध्ये बसले. युद्धानंतर खालचा भाग बहुतेक तोच ठेवून आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, बाहेर टाकणारे मात्र ब्लॉकमध्येच राहिले. इंजिन उंच झाले म्हणून १९५३च्या नमुन्याचे बॉनेटही उंच करावे लागले. हाच नमुना महिंद्रांनी पुढे अनेक वर्षे आपल्याकडे बनविला. चार सिलिंडर, ३.१२५ इंचाचा बोअर, ४.३७५ इंचाचा स्ट्रोक, घनफळ सुमारे २२०० घन सेंटिमीटर. विलायती शौकिनांच्या हिशेबी १९३० नंतरची गाडी ‘व्हिंटेज’ नव्हेच. आपल्याकडे मात्र २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला तो मान देऊन ‘व्हीए’ अक्षरांचा निराळा क्रमांक ठेवला आहे. आमची जीप त्या वयाची केव्हाच झाली आहे.

दुखणे तिसऱ्या सिलिंडरचे होते. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये ब्लॉक ३० थाऊंनी, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी ३० भागांनी, बोअर करून आणला होता. तीन सिलिंडर बरोबर निघाले. तिसऱ्याच्या वेळी ब्लॉक पुन्हा बसवताना खाली बिडाचा कण राहिला असावा, कारण बोअर किंचित कलता गेला. पिस्टन एका अंगाने घासू लागला, रिंग तुटली आणि भिंतीत नखाला लागेल असा चर पडला. अशा ब्लॉकला आणखी मोठा बोअर केला तर चारही पिस्टन बदलावे लागतात. त्यापेक्षा तोच एक सिलिंडर रुंद करून त्यात बिडाचे नवे अस्तर, म्हणजे लायनर, ठोकावे आणि आतून इतर तिघांच्या मापाला आणावे, असे भावोजींनी ठरविले. थोरल्या बंधूंचा मुलगा गोव्यात असतो. त्याचे म्हणणे एवढेच, की काका, डिझेलचे इंजिन बसवू या, नाहीतर भंगारात देऊ. त्याचे चुकत होते असेही नाही. पण इंजिनचा क्रमांक बदलला म्हणजे ती गाडी थोरल्याची राहिली नाही, हे भावोजींच्या मनाने घेतले होते.

आणखी एक कारण होते, ते त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला आहे, पण दुसऱ्याला काचबिंदू आहे, आणि त्याने नेलेली दृष्टी परत येत नाही. मायक्रोमीटरच्या रेघा त्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. म्हणून या कामात मी. वाचणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला तीन इंची मायक्रोमीटर वाचायला बसविण्यात आले.

घरी सारेच होत नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्लॉकची बोअरिंग आणि क्रँकचे ग्राइंडिंग यासाठी टेम्पोत घालून उद्यमबाग गाठावी लागते. त्या फेऱ्यांत मी आपल्याच गावाकडे नव्याने पाहिले. बेळगाव हे आमच्या लेखी साहित्य संमेलनांचे, नाटकांचे, कुंद्याचे गाव. २०१४ साली कागदावर बेळगावी झाले तरी तोंडातून बेळगावच येते. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलीच्या दुकानाने सुरुवात केली ती याच गावात, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर जाण्याआधी त्यांचे नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे बनली तीही इथेच. आज उद्यमबागेच्या गल्ल्यांतून बिडाच्या ओतकामाचा जळकट वास येतो, आणि दारादारांत क्रँकशाफ्ट उसाच्या मोळ्यांसारखे रचलेले असतात. तेथील एका वृद्ध कारागिराने आमच्या ब्लॉकचा तळ आधी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसला, मग त्यावरून तळहात फिरविला, आणि मगच तो यंत्रावर चढवला. भावोजींनी माझ्याकडे पाहिले. तिसरा सिलिंडर ३.३४३ इंचांवर सरळ निघाला.

लायनर मात्र घरच्या लेथवर, ओतीव बिडाच्या नळीतून. पोलाद कापताना कीस कुरळा निघतो. बिडाची काळी पूड पडते. बिडाच्या पोटातच शिशाच्या पेन्सिलीतले ग्रॅफाइट असते, म्हणून ते तेलाविना कापले जाते आणि सिलिंडरमध्ये झीज सोसते. ती पूड नाकाकानांत जाते, धोतरावरून निघत नाही, आणि आक्का त्यावर जे बोलते ते या मासिकात छापण्याजोगे नाही.

लायनरचा बाहेरचा व्यास हवा होता ३.३४५, म्हणजे भोकापेक्षा दोन थाऊ मोठा. कमी झाला तर सैल बसून उष्णता पुढे जाणार नाही. जास्त झाला तर आधीच पातळ झालेली भिंत तडकेल आणि ब्लॉक संपेल. मी ३.३५६ वाचून सांगितले. भावोजींनी बोटांनी डायलच्या खाचा मोजत चार थाऊंचा काप घेतला. लेथवर चार कापले की व्यास आठने उतरतो, कारण कापणी दोन्ही अंगांनी होते. हे त्रिज्या-व्यासाचे गणित सातवीतले. मी माप घेतले, चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात सांगितले, “तीन पूर्णांक तीनशे त्र्याहत्तर.”

लेथ थांबला. भावोजी काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “कापल्यावर लोखंड वाढतं होय ओ, मास्तर?”

मायक्रोमीटरच्या दांड्यावर दर पंचवीस थाऊंना एक रेघ असते. फिरती टोपी तेविसावर आली, की पुढची रेघ तिच्या काठाखालून अर्धवट डोकावते, आणि नवशिका ती मोजून बसतो. खरे माप ३.३४८ होते, उरले होते तीन थाऊ. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी काप घेतला असता तर दोन महिन्यांची मेहनत पुडीत गेली असती. तीस वर्षे मुलांच्या हातचे वाचताना मी ज्या चुकीवर लाल रेघ ओढत आलो, तीच ही. मी मान खाली घातली. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले, मग आणखी एकदा, आणि नंतर शेवटचा काप घेतला.

लायनर बसवायचा दिवस रविवार होता. नळी रात्रभर आक्काच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीला हलवून ठेवलेली. तेवढ्या थंडीने तिचा व्यास सुमारे दीड थाऊ आक्रसतो. ब्लॉकवर उकळते पाणी ओतून तो तितकाच फुगवायचा. दोहोंच्या मधली काही क्षणांची सवड हेच सारे. त्यात वीज गेली. फ्रीज उघडायचा नाही, अशी ताकीद देऊन भावोजींनी चूल पेटविली. पाणी उकळले, ब्लॉकवर ओतले, नळी बाहेर आली, आणि तिच्यावर दव धरायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी ती भोकात सोडली. ती जवळजवळ आपल्या वजनानेच उतरली. शेवटचे बोटभर लांब बोल्ट आणि जाड पट्टी लावून खेचून घेतले. मग आम्ही तिघेही ब्लॉकला कान लावून बसलो. तडकल्याचा आवाज आला नाही. थंड झाल्यावर त्यांनी सांध्यावर रॉकेल सोडले, पुसले, खडू फासला आणि तासभर वाट पाहिली. खडूवर ओली रेघ उमटली नाही.

ब्लॉक पुन्हा उद्यमबागेत जाऊन आतून इतरांच्या मापाला आला. होनिंग, रिंगा, बेअरिंगा, व्हॉल्व्ह घासणे यात पुढचे तीन महिने गेले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नवा घातला. याविषयी आणखी लिहिले असते. पण आक्का म्हणते, वाचणाऱ्यांच्या घरी काही जीप नाहीत.

फाल्गुनात एका सकाळी हँडल मारले. माझ्या हाताने तीनदा, व्यर्थ. भाचा बेळगावहून आला होता. त्याने अंगठा आत न घालता, काकांनी शिकविले तसे, एकदाच उचलून ओढले. आधी निळसर धूर, मग एक खोकला, मग एक, तीन, चार, दोन असा चारही सिलिंडरांचा फेर सुरू झाला. भावोजी बॉनेटला टेकून उभे होते. तिसऱ्या सिलिंडरवर त्यांनी लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचे टोक लावले आणि मूठ कानाशी धरली. बराच वेळ धरली. आक्का दारात आली होती; पदर तोंडाशी घेऊन आत गेली.

पहिली फेरी हब्बनहट्टीच्या मारुतीपर्यंत, मलप्रभेच्या काठी. चालविली भाच्याने. भावोजी शेजारी, मी मागे. वेग वाढवू द्यायचा नाही, पाचशे किलोमीटर झाले की तेल बदलायचे, असे दर वळणावर बजावणे चालू होते. नारळ वाढवून परतलो, तेव्हा गोव्याच्या पुतण्याचा फोन आला. आवाज ऐकव म्हणाला. भावोजींनी फोन इंजिनापाशी धरला आणि बोलले काहीच नाही.

संध्याकाळी त्यांनी फडताळातून थोरल्या बंधूंची वही काढली. कोणत्या दिवशी, कोणाला घेऊन, कुठवर, असे त्यात मोडक्या अक्षरात लिहिलेले. शेवटच्या नोंदीखाली पाने कोरी होती. वही माझ्या हाती देऊन ते म्हणाले, “तुम्ही लिहा. मला आता माझंच अक्षर लागत नाही.” मी तारीख लिहिली, किलोमीटरचा आकडा लिहिला, ‘हब्बनहट्टी, जाऊन-येऊन’ असे लिहिले.

“वाचून दाखवा,” ते म्हणाले. “आकडा दोनदा वाचा.”