सायकलीची स्वारी

‘इस्टेट’ या शब्दाला आमच्या गिरगावच्या चाळीत एकच अर्थ होता. कोकणातील दहा-बारा माड, एक पडके घर आणि त्या दोहोंवरून भावाभावांत चाललेला दावा, या सर्वांस मिळून इस्टेट म्हणत. म्हणून 2006 साली मी मागे लांबट घर असलेली इंडिगो मरीना घेतली आणि विक्रेत्याने ‘ही इस्टेट गाडी आहे’ असे सांगितले, तेव्हा माझ्या वाट्याला अखेर इस्टेट आली म्हणून घरात बरीच थट्टा झाली. आपल्या देशात या जातीच्या मोटारी फारशा रुजल्या नाहीत. टाटांनी 1992 साली ‘इस्टेट’ याच नावाची गाडी काढून पाहिली, पुढे 2004 साली मरीना काढली. परंतु डिकी पेटीसारखी मागे उठून दिसल्याखेरीज मोटार पुरी झाली असे आपल्या लोकांस वाटतच नाही. माझी मरीना मात्र पंधरा वर्षे पुरी करून, नोंदणी पुन्हा करून घेऊन, अद्याप दादरच्या आमच्या इमारतीखाली उभी आहे.

या मोटारीवर सायकली लादण्याचे साधन विकत घ्यावे, असा विचार गेल्या दिवाळीच्या सुमारास निघाला. आमचे अलिबागेपलीकडे चौलला घर आहे. तिथले रस्ते सपाट, दोहो बाजूंस वाड्या, आणि पहाटे वाहनांचा त्रास नाही. सायकल चालवावी तर तिथेच. मुंबईत सायकल चालवणे हे आता पुष्कळसे धैर्याचे काम झाले आहे. त्यातही एक गंमत अशी की, 2009 साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सेतूवर सायकलीस मनाई, आणि जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून निघालेल्या, जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवरही मनाई. पण तीच सायकल मोटारीच्या पाठीवर बसून आली तर तिला कोणी हटकत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून मोटारी नेणारी बोट सुटते. तीत सायकल घेऊन जावे असे माझ्या धाकट्या भावाने सुचविले. परंतु मांडव्यापासून चौलपर्यंतची वाट पाठीवर सामान घेऊन तुडवण्याचे माझ्या गुडघ्यांचे वय राहिलेले नाही, हे त्याला सांगण्याचे मी टाळले.

‘त्यात काय, दोरीने बांधावी!’ असे कोणीही म्हणेल. मीही पूर्वी तसेच म्हणत असे. आपल्याकडे सायकल हेच मुळी बांधाबांधीचे वाहन आहे. लालबाग-परळच्या रस्त्यांवर डबेवाल्याची सायकल पाहावी. हँडलला, कॅरियरला, मिळेल तिथे डबे लटकलेले असतात आणि फाटक्या ट्यूबची पट्टी एवढ्या साधनावर ती सारी गृहस्थी बिनधोक चालते. तोच आदर्श पुढे ठेवून काही वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीची सायकल टपावर आडवी घातली, सुंभाने जखडली आणि निघालो. परळच्या पुलावर मागून हॉर्नचा आक्रोश सुरू झाला. आरशात पाहतो तो सायकलीचे पुढचे चाक टपावरून खाली लोंबते आहे, आणि तिच्या अगदी मागे एक तरुण मोटारसायकल कशीबशी सावरतो आहे. त्याच्यापुढे, पेट्रोलच्या टाकीवर, चार-पाच वर्षांचे एक मूल दोन्ही हातांनी आरशाची दांडी धरून बसले होते. पडले कोणी नाही. तो तरुण काही बोललाही नाही. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. डबेवाला रोज बांधतो आणि त्याचे वजन त्याच्या हाताला कळते. मी वर्षातून एकदा बांधणार आणि माझी गाठ मोटारीच्या वेगाने जोखली जाणार, हा फरक त्या दिवशी मला समजला.

तेव्हा आता नीट पाहून घ्यावयाचे, असे ठरले. या साधनांच्या मुख्यतः तीन जाती. पहिली टपावरची. टपावर आडव्या दोन दांड्या, त्यांवर पन्हळीसारखी पट्टी. तीत सायकलीची चाके बसतात आणि एक वाकडा हात सायकलीची नळी पकडून तिला उभी ठेवतो. ही दिसावयास सर्वांत ऐटबाज. मागचे दार मोकळे, नंबरप्लेट मोकळी, कशाला धक्का नाही. मन तिच्यावरच जडले होते. पण मोटारीची उंची दीड मीटर आणि तिच्यावर सायकल आणखी एक मीटर, म्हणजे हे देवस्थान झाले अडीच मीटरांच्या वर. आमची जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली तेव्हापासून आमच्या मोटारी लोखंडी पाळण्यांत निजतात. एक खाली, एक वर. एखाद्या रात्री दमून परत आलो आणि टपावरच्या सायकलींचा विसर पडून मोटार आत घातली, तर काय होईल ते सांगावयास नको. शिवाय सायकल खांद्याच्या वर उचलून धरावयाची आणि दुसऱ्या हाताने पकड आवळावयाची. दुकानदाराने ते एका झटक्यात करून दाखविले. तो पंचविशीचा होता.

दुसरी जात मोटारीच्या मागे, खाली पक्क्या बसविलेल्या आकड्यावर टेकणारी. ही गुडघ्याइतक्या उंचीवर असते, वजनही पेलते. उचलण्याचे कष्ट जवळजवळ नाहीत. युरोपात सायकली नेणारे अनेक लोक हीच वापरतात. परंतु तिच्यामुळे नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. इंग्लंडात त्याकरिता मागे दुसरी पाटी आणि दिव्यांची फळी जोडतात. आपल्याकडे आधी तो आकडाच कोणातरी वेल्डिंगवाल्याकडून बसवून घ्यावा लागणार. वीस वर्षांच्या मोटारीच्या बुडाला डाग देवविण्याची छाती मला झाली नाही.

तिसरी जात पट्ट्यांची. मागच्या दारावर एक चौकट टेकवावयाची, तिचे सहा पट्टे दाराच्या कडांना आकड्यांनी अडकवून ताणावयाचे आणि बाहेर आलेल्या दोन हातांवर सायकल लटकवावयाची. ही सर्वांत स्वस्त, घडी घालून माळ्यावर टाकता येणारी. दोष इतकेच की, सायकल काढल्याखेरीज दार उघडत नाही, रबराखाली धूळ राहिली तर रंग घासला जातो, आणि पट्टे ताणल्यावरही पहिल्या काही किलोमीटरांत किंचित सैलावतात. दोनही सायकली लटकविल्या तर नंबरप्लेट दिसेनाशी होते आणि चाके दोहो बाजूंस वीतभर बाहेर येतात. लालबागच्या गर्दीत मोटारीला घासून जाणाऱ्या दुचाकीवाल्यांना ती वीत म्हणजे भालाच.

आणि इथेच खरी अडचण उभी राहिली. त्या चौकटीवर लिहिले होते : एका सायकलीचे वजन पंधरा किलोपर्यंत.

मुलीची सायकल बारा किलोंची. दुसरी सायकल माझ्या वडिलांची. ती ‘हिंद’ आहे, वरळीच्या कारखान्यातली. त्या हिंद सायकल कंपनीचे 1980 साली कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे ती बंदही पडली. सायकल मात्र आहे. सळ्यांचे ब्रेक, चेनवर पत्र्याचे झाकण, मागे कॅरियर आणि बैलाच्या पायासारखा भक्कम स्टँड. काट्यावर घातली तेव्हा बावीस किलो भरली. वडील परळच्या एका गिरणीत कारकून होते. 1964 साली ट्रॅम बंद झाली तेव्हा चाळीतील सारे हळहळले. वडिलांना तिचे सुखदुःख नव्हते, कारण ते त्याआधीपासूनच गिरगावाहून भायखळ्याच्या पुलावरून सायकलीने जात असत. 1982 च्या संपात गिरणी थांबली आणि सायकलही थांबली.

‘बाबा, चौलला भाड्यानेही मिळते हो,’ मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात काही वावगे नव्हते. दुकानदारही जुन्या सायकलीकडे पाहून, ‘ही आता शोभेला ठेवा,’ असे हसत म्हणाला. ज्याने त्याने आपल्या परीने मला वाट काढून दिली होती, आणि हिशेबाने पाहता ती बरोबर होती. पण त्याने चौकटीची पकड कुठे बसते हे दाखविण्याकरिता वरच्या आडव्या नळीवर हात ठेवला. त्या नळीवर वडील पंचाची घडी बांधत आणि मला बसवीत. लालबागला आत्याकडे जाताना मी दोन्ही हातांनी हँडलचा मधला भाग धरून बसे. मला परळच्या पुलावरचे ते मूल आठवले, आणि मी दुकानातून काहीच न घेता परत आलो.

तोड निघाली ती पत्नीच्या बोलण्यातून. ‘अहो, एवढी लांबलचक गाडी घेतलीत ती कशाला? माणसे जशी आत बसतात तशी तिला आत बसवा की!’ मागची बैठक पाडली, पान्याने पुढचे चाक सोडविले, हँडल वळविले, खाली जुनी गोधडी अंथरली. ‘हिंद’ आडवी पडून अगदी बेताने मावली. मग पट्ट्यांची चौकट घेतली ती फक्त मुलीच्या सायकलीकरिता. तिचेही पुढचे चाक काढले म्हणजे ती मोटारीच्या रुंदीबाहेर येत नाही, आणि एकटीच असल्याने वर बांधता येऊन नंबरप्लेट उघडी राहते. तक्रार राहिली ती एकच : बैठक अर्धीच उरल्यामुळे पत्नीला फराळाच्या डब्यांशेजारी अवघडून बसावे लागते, आणि तोड आपणच सुचविल्याचा तिला पश्चात्ताप होतो.

गेल्या महिन्यात निघालो तेव्हा शिवडीला सेतूवर चढण्यापूर्वी मी मोटार कडेला घेतली. सहाही पट्टे ओढून पाहिले. दोन सैल निघाले. ते आवळून काचेतून आत डोकावलो; ‘हिंद’च्या कॅरियरवर पत्नीने आपली शाल टाकली होती.