वाळवंटाची वाट : थोडे मुक्काम, पुरेसा वेळ

पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगड रस्त्याच्या कुशीत वसलेली धायरी काही दशकांपूर्वीपर्यंत शेतमळ्यांची वस्ती होती. २०१७ साली पुणे महापालिकेत जी अकरा गावे समाविष्ट झाली, त्यांत धायरीचे नाव होते. आज धायरी फाट्यापासून धारेश्वराच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर किराणा, कापड, भांडी, हार्डवेअर, विजेचे सामान अशा दुकानांची रांग लागलेली दिसते. जवळच नवले पुलापाशी राष्ट्रीय महामार्ग ४८ वाहतो. येथील लोक त्याला मुंबईचा किंवा साताऱ्याचा रस्ता म्हणून ओळखतात. परंतु हाच महामार्ग मुंबई, सुरत, वडोदरा, अहमदाबाद ओलांडून उदयपूर, जयपूर आणि दिल्लीपर्यंत पोहोचतो. ज्यांचे पूर्वज कधीकाळी मारवाडातून महाराष्ट्रात आले, त्यांच्या गावाकडची वाट अशी अक्षरशः दाराशी आहे. म्हणूनच थंडी सुरू झाली की धायरीतील व्यापारी घरांत मोटारीने राजस्थानच्या वाळवंटाकडे जाण्याचे बेत रंगू लागतात.

बेत ठरतो तो बहुधा रात्री दुकान वाढवल्यानंतर. प्रत्येकाची इच्छा वेगळी असते. आजोबांना ओसियाँला जायचे असते, कारण ओसवाल हे नाव ज्या गावावरून पडले ते गाव त्यांनी अजून पाहिलेले नसते. आजींना नाकोडा पार्श्वनाथांचे दर्शन हवे असते. मुलाला १९७१ च्या लढाईचे लोंगेवाला, सुनेला उदयपूरची सरोवरे, नातीला उंट आणि नातवाला किल्ले हवे असतात. त्यात कोणी तरी देलवाडा, नाथद्वारा, चित्तोड, पुष्कर, बिकानेर आणि जयपूर जोडतो. ‘एवढ्या लांब जातोच आहोत तर’ हे शब्द उच्चारले गेले की यादी वाढतच जाते. शेवटी नऊ दिवसांत चौदा स्थळांचा कार्यक्रम तयार होतो आणि तो पाहून सर्वांना समाधान वाटते. हे समाधान साधारणपणे तिसऱ्या दिवशी संपते. आजींचे गुडघे सुजतात, मुले मोटारीत चिडतात, गाडी चालविणारा मुलगा कोणाशी बोलेनासा होतो आणि देवाच्या दारातही घड्याळाकडेच लक्ष राहते.

व्यापारी कुटुंबाच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट गुंतलेली असते. नोकरदाराला वर्षातून चार-पाच वेळा रजा मिळू शकते. दुकान मात्र सलग दहा-बारा दिवस बंद ठेवण्याचा योग वर्षातून एकदाच, कधी दोन-तीन वर्षांतून एकदा येतो. तीन पिढ्या एकाच मोटारीतून निघण्याचे प्रसंग तर आयुष्यात मोजकेच असतात. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना ‘उरलेले पुढच्या वर्षी पाहू’ असे सांगताना सांगणाऱ्याच्याही मनात शंका असते. म्हणूनच यादी लांबते, आणि म्हणूनच ती लांबू न देणे अगत्याचे आहे.

भांडवलाचा हिशेब मांडणाऱ्या घराने येथे उजेडाचा हिशेब मांडावा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेर येथे सूर्योदय सकाळी साडेसातच्या सुमारास होतो, म्हणजे पुण्याहून जवळजवळ अर्धा तास उशिरा. सूर्यास्त मात्र सहाच्या सुमारास, पुण्याच्या काही मिनिटे आधीच होतो. घरातील ज्येष्ठ नवकारशी व चौविहार पाळत असतील, तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी न्याहारी आणि सूर्यास्तापूर्वी भोजन. या दोहोंमध्ये सुमारे साडेनऊ तास उरतात. त्यांतून न्याहारी व आवराआवरीचा एक तास, दुपारच्या भोजनाचा एक, दर्शन-पूजेचे दोन आणि वाटेतील थांब्यांचा एक वजा करावा. संध्याकाळच्या भोजनासाठी अर्धा-पाऊण तास आधी मुक्कामी पोहोचायचे असते. प्रवासाला उरतात फार तर चार ते साडेचार तास. ताशी ६०-६५ किलोमीटरची सरासरी धरली, तर वाळवंटी भागात दिवसाकाठी पावणेतीनशे, अगदी ओढून तीनशे किलोमीटर, ही मर्यादा ठरते. ती ओलांडली की कोणाचा तरी नियम मोडतो, कोणाचे तरी दर्शन हुकते, किंवा रात्री गाडी हाकावी लागते. दमलेल्या चालकाच्या हाती रात्रीचा महामार्ग देण्याचे परिणाम नवले पुलाच्या शेजारी राहणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

जुन्या काळी याच मुलुखातून उंटांचे तांडे सिंधकडे आणि पुढे मध्य आशियाकडे माल नेत, तेव्हाही दिवसाचा टप्पा माणसाच्या इच्छेने ठरत नसे. पुढची विहीर किती दूर आहे आणि तांड्यातील सर्वांत दुबळे जनावर किती चालू शकेल, या दोन गोष्टी तो ठरवीत. मोटारीच्या प्रवासालाही हाच नियम लागू पडतो. येथे विहिरीच्या जागी भोजनशाळा व धर्मशाळा धराव्यात. आणि टप्पा घरातील सर्वांत लहान मुलाच्या व सर्वांत वयस्क माणसाच्या ताकदीने मोजावा.

या मापाने आखलेला एक कार्यक्रम असा होऊ शकतो. जीएसटीचे डिसेंबरमधील विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरून २१ ला पहाटे धायरीहून निघावे. पहिला मुक्काम सुरत, सुमारे ४१० किलोमीटर. हा टप्पा मर्यादेबाहेरचा आहे. परंतु रस्ता रुंद असतो, माणसे ताजी असतात आणि आळीपाळीने गाडी चालविणारे दोघे असले तर तो झेपतो. दुसरा मुक्काम अहमदाबाद. तिसऱ्या दिवशी अबू रोड, पिंडवाडा या मार्गाने राणकपूर. आणि तेथे एक नव्हे, दोन रात्री.

अरवलीच्या दरीतील राणकपूरचे चौमुख आदिनाथ मंदिर पंधराव्या शतकात राणा कुंभाच्या काळी धरणा शाह यांनी उभारले. तेथील स्तंभांची संख्या १,४४४ सांगितली जाते आणि कोणत्याही दोन स्तंभांवरील कोरीवकाम सारखे नाही, अशी त्याची ख्याती आहे. घाईचे प्रवासी हे मंदिर चाळीस मिनिटांत उरकतात. भागाकार केला तर एका स्तंभाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. पर्यटकांना दुपारी प्रवेश असतो. सकाळची वेळ पूजेसाठी येणाऱ्यांची असते. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर सकाळी शांत मनाने पूजा होते, दुपारी स्तंभांमधून झिरपणारा उजेड संगमरवराचा रंग कसा बदलतो हे दिसते, आणि मुलांना आवडेल त्या खांबापाशी बसून राहता येते.

राणकपूर ते जोधपूर हे अंतर सुमारे १६५ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या दिवसाचा प्रवास. डोंगर मागे पडतात, जमीन सपाट व कोरडी होत जाते आणि शेतांच्या बांधावर खेजडीची झाडे दिसू लागतात. राजस्थानी ताटातील केर-सांगरीची सांगरी म्हणजे याच झाडाच्या शेंगा. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली ही झाडे तोडण्यासाठी राजाची माणसे आली, तेव्हा अमृतादेवींच्या मागोमाग ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. अहिंसेचे संस्कार असलेल्या घरातील मुलांना ही हकीकत खिडकीतून खेजडी दाखवीत सांगता येते. त्यासाठी वाट वाकडी करावी लागत नाही. बोलायला सवड मात्र असावी लागते.

पुढचा दिवस या प्रवासातील सर्वांत भरलेला. जोधपूरहून सुमारे ६५ किलोमीटरवर ओसियाँ. येथील महावीर मंदिराचा उगम आठव्या शतकात, प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळात झाला, आणि पश्चिम भारतातील सर्वांत जुन्या जैन मंदिरांत त्याची गणना होते. ज्या घराच्या आडनावापुढे ओसवाल ही ओळख लागते, त्या घरातील वृद्धांना येथे दोन तास अपुरे वाटतात. म्हणून त्या दिवशी दुसरे काहीही पाहायचे ठेवू नये. तेथून फलोदी, पोखरणमार्गे तिसऱ्या प्रहरानंतर जैसलमेर गाठावे आणि सामान एकदा उतरविले की चार रात्री ते हलवू नये.

रावळ जैसल याने ११५६ साली वसविलेल्या या नगराचा पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला २०१३ मध्ये राजस्थानच्या अन्य गिरिदुर्गांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आला. त्याच्या तटाच्या आत आजही लोक राहतात. किल्ल्यातील जैन मंदिरांच्या समूहाजवळ जिनभद्रसूरींच्या नावाने ओळखला जाणारा ज्ञानभंडार आहे. ताडपत्रावरील शेकडो वर्षांच्या पोथ्या तेथे जतन केल्या आहेत. दमट हवेत ताडपत्र टिकत नाही. वाळवंटाची कोरडी हवा आणि आक्रमणांच्या वाटेपासूनचे अंतर, या दोन्हींनी हे धन राखले. खाली गावात पटवा घराण्याच्या पाच हवेल्या व्यापाराने या रुक्ष मुलुखात काय उभे केले याची साक्ष देतात. मुंबई बंदराचा उदय आणि १९४७ ची फाळणी यांनी जुने उंटमार्ग निकामी केले. त्या आधीपासूनच येथील आणि आसपासच्या मारवाडातील पुष्कळ घराणी नव्या पेठांच्या शोधात दूरदूर गेली होती. महाराष्ट्रातील गावोगावच्या मारवाडी पेढ्यांची मुळे याच स्थलांतरात आहेत.

जैसलमेरच्या तीन दिवसांपैकी एक किल्ल्यास व हवेल्यांस द्यावा. दुसरा लोद्रवा व सम येथील वाळूच्या टेकड्यांस. लोद्रवा ही भाटी राजांची जुनी राजधानी, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. तेथील पार्श्वनाथ मंदिराचा जीर्णोद्धार सतराव्या शतकात थारू शाह यांनी केला. ओसाड रानात अचानक समोर येणारे त्याचे कोरीव तोरण मनात ठसते. सम तेथून पुढे. येथे एक पेच हमखास पडतो. सर्वांना वाळूवरून सूर्यास्त पाहायचा असतो, आणि नेमकी तीच चौविहाराची वेळ. तंबूंच्या मुक्कामात गाण्याबजावण्यानंतर, आठ-नऊच्या पुढे जेवण वाढले जाते. तेव्हा तंबूतील रात्र सोडून द्यावी. दुपारीच डबे भरून घ्यावेत. बाजरीची भाकरी, गट्ट्यांची सुकी भाजी, घरून आणलेले खाखरे असे भोजन पाचच्या सुमारास वाळूच्या कडेला उरकावे, आणि मग हात मोकळे ठेवून सूर्यबिंब बुडताना पाहावे. अंधार दाटण्याच्या सुमारास चाळीस-एक किलोमीटर परतून आपल्या खोलीवर यावे. जानेवारीच्या उंबरठ्यावर तेथील रात्रीचा पारा आठ अंशांच्या आसपास उतरतो. वृद्धांना तंबूपेक्षा भिंतीच बऱ्या.

तिसरा दिवस कोरा ठेवावा. कोरा म्हणजे खरोखरच कोरा. ‘जमल्यास लोंगेवाला’ असेही त्यावर पेन्सिलीने लिहू नये. कोणाला ताप आला, टायर फुटला, धूळ-धुक्यामुळे मागचा दिवस वाया गेला, तर हा दिवस ती भर काढतो. काहीच घडले नाही, तर आजोबा गडीसर तलावाच्या काठी उन्हात बसतात, नात शेजारी बसून घराण्याचे मूळ गाव कोणते, पणजोबा महाराष्ट्रात कसे आले, पहिले दुकान कोठे काढले हे विचारते. दुकानात त्या प्रश्नाला उत्तर देण्याची फुरसत कधी मिळालेली नसते. व्यापारी जसे सगळे भांडवल मालात गुंतवीत नाही, तसे सगळे दिवस स्थळांत गुंतवू नयेत.

परतीच्या वाटेवर बाडमेरमार्गे नाकोडा, मग शंखेश्वर, सुरत आणि २ जानेवारीस धायरी. तेरा दिवस, तीन हजार किलोमीटरच्या आत-बाहेर प्रवास, आणि चार दिवस लांबच्या प्रवासाविना. ११ तारखेचे विवरणपत्र भरायलाही पुरेसा अवधी राहतो.

या आखणीत उदयपूर नाही, बिकानेर नाही, लोंगेवाला नाही. सर्वांत जड जाते ते देलवाडा वगळणे. विमल शाह यांची १०३१ सालची विमल वसही आणि वस्तुपाल-तेजपाल यांची १२३० ची लूण वसही अबूच्या माथ्यावर, वाटेपासून थोड्याच अंतरावर आहेत. पण घाट चढून दोन तासांत उतरण्यासाठी ती मंदिरे बांधलेली नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रवास ठेवावा. वगळण्यातही न्याय असावा, यासाठी एक साधी रीत उपयोगी पडते : निघण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने एकच स्थळ किंवा एकच गोष्ट सांगावी, ती अवश्य पाळली जाईल, बाकी सर्व सोडले जाईल. आजोबांचे ओसियाँ, आजींचे नाकोडा, नातवाचा किल्ला, नातीचा उंट हे सारे वरच्या कार्यक्रमात आले. मुलाने लोंगेवाल्याऐवजी एक पूर्ण दिवस गाडी न चालविण्याचे मागितले, तर तेही रास्तच. सुनेच्या वाट्यालाही काही यावे : उदयपूरच्या बदल्यात राणकपूरची सबंध दुपार तिची असावी, आणि तेरा दिवस शिदोरीची जबाबदारी तिच्या एकटीवर नसावी.

नाताळच्या सुट्टीत राजस्थानात गर्दी उसळते, म्हणून मुक्काम महिनाभर आधी निश्चित करावेत. भोजनशाळांच्या वेळा फोनवर विचारून घ्याव्यात. गाडीची तपासणी धायरीतच करून घ्यावी. तासातासाचा तक्ता मात्र करू नये. पूर्वजांनी या वाळूतून बाहेर पडताना विहिरीगणिक मुक्काम केला आणि तांडा सुखरूप पोहोचविला. त्यांच्या मुलुखाकडे उलट दिशेने जाणाऱ्यांनीही तांडा अखंड आणि आनंदी ठेवावा. मागे राहिलेली स्थळे पुढच्या प्रवासाची निमंत्रणे समजावीत.