उज्जैन किती दूर?

पणजीहून उज्जैन सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० धरला, तर तासाभरात पोहोचायला हवे. कागदावरचा हिशेब असा सोपा असतो. पण गोव्याहून थेट उज्जैनला विमान नाही. इंदूरला उतरायचे आणि पुढे ५५ किलोमीटर रस्त्याने जायचे.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन गेलो. पहाटे साडेचारला फोंड्याचे घर सोडले, मुंबईला विमान बदलले, इंदूरला टॅक्सी केली. महाकालाचे शिखर दिसले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. साडेबारा तासांतले हवेतले फक्त अडीच. शहात्तर वर्षांचे गुडघे मात्र पूर्ण साडेबारा मोजतात.

आम्हा कारकुनांना अंतराचा हिशेब एलटीसीच्या अर्जाने शिकवला. भाडे मिळते ते जवळच्या मार्गाचे. कालिदासाच्या यक्षाला हा नियम नव्हता. 'मेघदूता'त तो मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनी बघून जा म्हणतो.

खरे तर एके काळी अंतरे मोजायची ती उज्जैनपासूनच. आपल्या ज्योतिषशास्त्राची मध्यरेषा लंकेहून अवंतीवरून जाते. ग्रिनिचची रेषा जगाने ठरवली ती १८८४ साली. भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'त (११५०) विषुववृत्तापासून उज्जैनचे अंतर पृथ्वीच्या परिघाचा सोळावा भाग सांगितले, म्हणजे साडेबावीस अंश. आजचे अक्षांश २३ अंश ११ कला. फरक पाऊण अंशाचाही नाही! पणजी त्या रेषेच्या पश्चिमेला जवळजवळ दोन अंश, म्हणून आपल्याकडे मध्यान्ह होतो आठ मिनिटे उशिरा. घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्य मात्र आपला वेळ पाळतो.

आणि महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर शेणवी यांनी. विमान नाही, रेल्वे नाही, तरी आपल्या कोकणपट्टीतले आडनाव माळव्यात पोहोचले होते.

वडिलांना २०१६ च्या सिंहस्थाला जायचे होते. त्याआधीच ते गेले. त्यानंतर आई दर वर्षी एकदा तरी विचारायची, "कितलें पयस आसा रे?" मी किलोमीटर सांगायचो. तिला हवी होती तारीख.

रामघाटावर संकल्प झाला. संकल्पात देश आणि काल दोन्ही उच्चारतात. गोत्र मी सांगितले. नाव कुणाचे घ्यायचे असे भटजींनी विचारले, तेव्हा आईने एरवी कधी न उच्चारलेले वडिलांचे नाव स्पष्ट घेतले. नंतर ती पायरीवर बराच वेळ क्षिप्रेकडे बघत बसली.

पुढचा सिंहस्थ २०२८ चा. तेव्हा गर्दी अफाट असेल. मंडळी, घरातले वडीलधारे कुणी "किती दूर" असे विचारत असेल, तर त्यांना किलोमीटर सांगत बसू नका. त्याआधीच्या एखाद्या हिवाळ्यात रजा टाका. दारापासून दारापर्यंत तेरा तास धरा, मुंबईला चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवा, आणि निघा.