टेबलावरची असई, आणि इतर टिपणं

चिमुकले शिपाई घेऊन असईची लढाई टेबलावर खेळायची तर आधी नद्या काढाव्या लागतात. केळणा आणि जुई जवळ येतात तो बेचका, त्यात असई गाव, आणि केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वाटाड्यांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला सांगितलं की पुढे नदीला उतार नाही. त्याने ती दोन गावं पाहिली आणि मनाशी धरलं की इतकी जवळची गावं एकमेकांकडे जायच्या वाटेशिवाय वसणार नाहीत. उतार निघाला. त्यातून तो शिंद्यांच्या फौजेच्या डाव्या बगलेवर आला.

आम्ही टेबलावर उतार रंगवत नाही. तो कुठे आहे हे फक्त पंचाला ठाऊक असतं. वेलस्ली खेळणाऱ्याने नदीकाठच्या वस्तीवरून तो ओळखायचा.

*

शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमान या हॅनोव्हरच्या माणसाच्या हुकमात होत्या. इंग्रज बगलेवर आलेले दिसताच त्याने सगळी फळी काटकोनात फिरवली आणि दोन नद्यांच्या मधली जागा अडवली. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. बगल मारायला गेला आणि समोर तोफांची सरळ भिंत उभी राहिली.

जुन्या पुष्कळ नियमावल्यांत युरोपबाहेरची सगळी फौज ‘अनियमित’ या एकाच खान्यात टाकलेली असते. धावत यायचं, आरडाओरडा करायचा, फासे वाईट पडले की पळायचं. त्या नियमांनी असई खेळलो तर पोलमानची फळी वळूच शकत नाही आणि लढाई अर्ध्या तासात संपते. माझा सोलापूरचा मित्र पोलमान खेळत होता. नियमावली मिटून तो म्हणाला, “अरे, वळलेत ना ते खरंच? मग मला वळू दे की!” तेव्हापासून शिंद्यांच्या पलटणींना इंग्रजांच्या शिपाई पलटणींइतकीच कवायत येते, असं आम्ही धरतो.

*

तोफांचा नियम मला फार आवडतो. असईला शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले. इंग्रज पायदळ पुढे सरकलं तसे ते उठले आणि पाठीमागून तोफा डागू लागले. म्हणून आमच्याकडे तोफखाना जिंकला तरी त्यावर माणसं मागे ठेवावी लागतात. ठेवली नाहीत तर दर फेरीला पंच एक फासा टाकतो. तो फासा पडताना टेबलाभोवती कुणी बोलत नाही.

*

शाळेत असई एका ओळीत आटोपली होती. आपण ती कशी हरलो हे मला टेबलावर कळलं.

पहिल्या खेळात शिंदे आणि त्यांचे साथी भोसले यांचं घोडदळ एकाच मित्राकडे होतं आणि पायदळही त्याच्याचकडे. इंग्रज नदी ओलांडत असतानाच त्याने घोडदळ सोडलं आणि वेलस्लीचा खेळ संपवला. खेळ म्हणून ठीक, पण १८०३ साली हजारोंचं ते घोडदळ जवळपास उभंच राहिलं. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले एका मोहिमेत होते, एका मनाचे नव्हते. शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अधिकारी लढाईआधीच नोकरी सोडून गेले होते. टेबलावर मात्र एकाच डोक्याला सगळं दिसतं, आणि हेच खोटं आहे.

आता आम्ही शिंदे-भोसल्यांची फौज तिघांत वाटतो आणि तिघांना आपसांत बोलायची बंदी करतो. निरोप चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पंचाकडे, पंच फासा टाकून किती फेऱ्यांनी पोचवायची ते ठरवणार. इंग्रजांनाही तेच लागू. त्यांच्या उजव्या टोकाची तुकडी असईच्या तटाकडे भरकटली, तिच्यामागे ७४वी हायलँडर पलटण गेली आणि तोफांखाली चिरडली गेली, तेही चुकीच्या समजुतीनेच. त्या दिवशी इंग्रजांची सुमारे १,६०० माणसं मेली किंवा जखमी झाली. इतकं महाग पडलेलं यश सोपं दाखवणारे नियम आम्हाला नकोत.

*

लॅरी ब्रॉमची ‘द सोर्ड अँड द फ्लेम’ ही नियमावली १९७९ची. पत्त्यांचा जोड पिसायचा, लाल पान आलं की इंग्रजांची एक तुकडी हलणार, काळं आलं की दुसऱ्या बाजूची. सुदान असो वा वायव्य सरहद्द, पुढचं पान कुणाचं हे कुणालाच माहीत नसतं. सोपी युक्ती, पण लढाईतली घालमेल तीत नेमकी उतरते.

*

नॉटिंगहॅममध्ये राहण्याचा एक फायदा. वीतभरही नसलेले हे शिपाई घडवणारे कारखाने या गावाच्या आसपास आहेत. पेरी बंधूंचा कारखानाही इथलाच. त्यांतल्या मायकेल पेरींचा उजवा हात ऐतिहासिक लढाईच्या प्रयोगात तोफेच्या अपघातात गेला आणि ते डाव्या हाताने मूर्ती घडवायला शिकले. त्यांच्या सुदानी आणि वाळवंटी शिपायांच्या चेहऱ्यावर रंग चढवताना हे माझ्या मनात असतं, आणि हात आपोआप सावकाश चालतो.

*

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या येतात. १९४० ते ४२च्या लढाया झाल्या ते लिबिया-इजिप्तचं वाळवंट बहुतेक दगडगोट्यांचं आणि सपाट आहे. रुवैसातसारखा धारेचा उंचवटा थोडासाच, पण त्यासाठी माणसं महिनाभर झुंजली. टेबलावर तो जेमतेम बोटभर उंच असतो. नवा खेळाडू त्याकडे लक्ष देत नाही आणि त्याच्यामागे दडलेल्या ८८ मिलिमीटरच्या जर्मन तोफेसमोर रणगाडे गमावतो.

धूळ मात्र दाखवावीच लागते. दूरवर धुळीचा लोट उठला तर तो रणगाड्यांचा की ट्रकांचा, कळत नसे. आम्ही कापसाचे पुंजके ठेवतो आणि त्यांतले काही रिकामे असतात. जर्मन सेनापती रोमेलने मोटारींवर लाकडी सांगाडे चढवून खोटे रणगाडे केले होते, त्यामुळे रिकाम्या पुंजक्यांबद्दल तक्रार करायची सोय कुणालाच नाही.

*

१९७९मध्येच रिचर्ड बर्ग यांचा ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा खेळ आला. दहा खेळाडू, पाणी आणि पेट्रोलचा हिशेब, वर उन्हाने उडून जाणाऱ्या पेट्रोलचीही नोंद. इंग्रजांचं जास्त उडतं, कारण त्यांची भांडी वाईट होती. इंग्रजांचे पातळ पत्र्याचे डबे खरंच गळत, आणि जर्मनांचा वीस लिटरचा कॅन सापडला की ते जपून ठेवत. हा खेळ पुरा करणं आमच्या आवाक्यातलं नाही, पण त्यातली पेट्रोलची शिस्त आम्ही उचलली आहे. टाकी रिकामी झाली की उत्तमातला उत्तम रणगाडाही जागचा हलत नाही.

त्या खेळातला एक नियम मात्र मला खटकतो. इटालियन शिपायांना पास्ता उकळायला जादा पाणी लागतं, असा तो नियम आहे आणि लोक तोच हसत सांगतात. अल अलामेनच्या दक्षिणेला इटालियनांच्या फोल्गोरे छत्रीधारी डिव्हिजनने ऑक्टोबर १९४२मध्ये इंग्रजांचे हल्ले परतवले. आरिएते डिव्हिजन ४ नोव्हेंबरला लढत लढत संपली. आमच्या टेबलावर इटालियन बाजू घेणाऱ्याला पास्त्याचा विनोद ऐकवायचा नाही, असा संकेत आहे.

*

पुढचा डाव तोब्रुकचा. २० जून १९४२च्या पहाटे रोमेलने आग्नेय बाजूचा तट फोडायला घेतला. त्या पट्ट्यात ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती, म्हणजे ‘काळी पाचवी’. आधी विमानांचा बॉम्बवर्षाव, मग तोफा, मग खंदकावर पूल टाकून रणगाडे. तटापुढचे पुष्कळ सुरुंग आधीच काढून गझालाकडे नेले होते आणि खंदक जागोजागी बुजला होता. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं आणि सुमारे ३३,००० जण कैद झाले.

मराठ्यांची बाजू मी घेणार. जिंकणं शक्य नाही, म्हणून किती वेळ टिकलो यावर विजय ठरवावा असं सगळ्यांना वाटतं. वाद आहे तो राखीव रणगाड्यांचा. प्रत्यक्षात ते उशिरा आले. सोलापूरच्या मित्राचं म्हणणं, ते माझ्या हाती द्यावेत म्हणजे डावात रंगत येईल. माझं म्हणणं, ते पंचाकडेच राहावेत आणि मी चिठ्ठी पाठवून वाट पाहीन. तटावरच्या कंपनी कमांडरला त्या सकाळी यापलीकडे काही करता येत नव्हतं, मग मलाही करता येता कामा नये. सुरुंग किती ठेवायचे यावर अजून एकमत झालेलं नाही.