आधी उतरायचे, मग चढायचे

डोंगर म्हटला की आधी चढ आणि मग उतार, ही आपल्या पायांना पडलेली सवय आहे. जेजुरीला जा, सप्तशृंगीला जा की एखाद्या गडावर जा. चढताना दम लागला तर माणूस अर्ध्या वाटेवर टेकतो, थोडा विचार करतो आणि माघारी फिरतो. पुढे उतार त्याला आपोआप खाली आणतो. अमेरिकेच्या नैऋत्येला, ॲरिझोना आणि युटा या राज्यांतल्या कोरड्या मुलखात, हा हिशेब नेमका उलटा आहे. तिथे गाडी उभी राहते ती माथ्यावर, आणि पायवाट निघते ती खाली दरीत. जाताना पाय हलके असतात, गप्पा रंगतात, मुले पुढे पळतात. दमछाक होते ती परतताना, अंगातली निम्मी ताकद सरल्यावर.

आमची मुलगी व जावई नोकरीनिमित्त ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात राहतात. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. नाताळच्या सुट्टीत तिकडची पुष्कळ कुटुंबे मुलाबाळांसह या दऱ्यांच्या मुलखात पायी हिंडायला निघतात. आम्हीही निघालो. मुलगी, जावई, अकरा वर्षांची नात आणि आम्ही दोघे. फिनिक्सहून उत्तरेला सुमारे ३७० किलोमीटरवर ग्रँड कॅनियन आहे. मोटारीने चार तासांची वाट.

कॅनियन म्हणजे नदीने कोरलेली, उभ्या कड्यांची खोल घळ. आपल्या शिवारात बांध फुटला आणि तो वेळीच घातला नाही, तर दोन-चार पावसाळ्यांत माणूसभर घळ पडते. तेच काम तिथे कोलोरॅडो नदीने सुमारे ५० ते ६० लाख वर्षे केले. आज ही घळ ४४६ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. काठावर उभे राहिले म्हणजे समोर विहिरीच्या कापासारखे खडकांचे थर दिसतात: पांढरट, तांबडे, हिरवट, काळे. सगळ्यात वरचा थर चुनखडकाचा, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला. त्यात शिंपल्यांचे ठसे आजही सापडतात. सगळ्यात खालचा खडक सुमारे १७५ कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तिथल्या वरच्या थराच्याही मानाने नवा.

या मुलखात हिवाळ्यातच का जायचे? कारण उन्हाळ्यात ही दरी भट्टीसारखी तापते. तळाशी सावलीतसुद्धा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दरीच्या वाटांवर चालू नका, असे राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी बजावून सांगतात. तरीही दर उन्हाळ्यात माणसे उन्हाने कोसळतात. हिवाळ्यात ऊन सोसवते, गर्दी ओसरते, दूरवरचे स्पष्ट दिसते. मात्र थंडी आपल्यासारखी नव्हे. दरीचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईहून दीड हजार फूट उंच. आम्ही पोचलो तेव्हा काठावर घोटाभर बर्फ होते आणि सकाळी पारा शून्याखाली आठ अंश.

नवे बियाणे आले की आम्ही शेतकऱ्याला सांगतो, आधी चार गुंठ्यांत लावून पाहा, मग एकरभर करा. तोच नियम आम्ही चालण्याला लावला. पहिल्या दिवशी सगळे मिळून ब्राइट एंजल नावाच्या वाटेने दीड मैल खाली गेलो. तिथे दगडी विसाव्याची जागा आहे. अंतर थोडे वाटते. पण त्यात १,१०० फुटांची उतरण आहे. वाटेचा वरचा भाग कड्याच्या सावलीत असल्यामुळे बर्फ वितळत नाही. दिवसा पायांखाली दाबले जाते आणि रात्री काचेसारखे होते. त्यासाठी बुटांवर चढवायच्या, लोखंडी काट्यांच्या साखळ्या मिळतात. त्या घातल्या की पाय पक्का बसतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी अशी ती वाट. साखळ्यांवाचून कोणी पाऊल टाकू नये.

याच वाटेने खेचरांचे तांडे ये-जा करतात. खेचरे आली की पायी माणसाने डोंगराच्या बाजूला सरकून स्तब्ध उभे राहायचे, हाकणारा सांगेल तसे करायचे. दरीच्या बाजूला उभे राहायचे नाही, कारण बुजलेले जनावर कुठे ढकलील ते सांगता येत नाही. आमच्या नातीला ही शिस्त फार आवडली.

त्या दिवशी वर आल्यावर सौ. म्हणाल्या, "उतरतानाच माझे गुडघे बोलायला लागले. उद्या दुप्पट खाली नेलेत तर चढताना ते रडतील." त्यांनी दुसऱ्या दिवशी काठावरूनच फिरायचे ठरवले. तिथे काठालगत सपाट वाट आहे, तिचा बराचसा भाग फरसबंदीचा आहे आणि दरी सतत नजरेसमोर राहते. जावई त्यांच्यासोबत थांबले. कुटुंबाच्या सहलीत प्रत्येकाने तळ गाठलाच पाहिजे असे नाही. कोणी कुठवर जायचे, हे ज्याच्या त्याच्या गुडघ्यांना विचारून आदल्या रात्रीच ठरवावे. वाटेत रुसवेफुगवे होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मुलगी, नात आणि मी निघालो. जायचे होते साडेचार मैलांवरच्या हवासुपाई गार्डन्स या जागी. एकूण उतरण तीन हजार फुटांची. तिथला साधा हिशेब असा, की उतरायला एक घटका लागली तर चढायला दोन लागतात. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो. म्हणून काहीही झाले तरी अकराला मागे वळायचे, असे आम्ही ठरवून टाकले. दर माणशी तीन लिटर पाणी घेतले, कारण वाटेतल्या विसाव्यांचे नळ हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून बंद ठेवतात. थंडीत तहान जाणवत नाही. पण कोरडी हवा अंगातले पाणी ओढून घेतच असते. फडक्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे होते. अंगावर एकावर एक तीन कपडे. जसजसे खाली जावे तसतशी ऊब वाढते; मैल-दोन मैलांनंतर एकेक कपडा उतरवून पिशवीत जातो.

उतरताना झाडे बदलत जातात. काठावर पिन्यन नावाचे ठेंगणे सूचिपर्णी झाड आहे. त्याच्या बिया आपल्याकडे मिळणाऱ्या चिलगोज्यासारख्या लागतात. खाली गेल्यावर घायपात आणि निवडुंग. आपल्या बांधांवर ही दोन्ही इतकी रुळली आहेत, की ती परकी वाटत नाहीत. पण दोन्हींचे माहेर अमेरिका खंडच. माहेरी ती अशी दगडात, मूठभर मातीवर उभी असलेली पाहून मला त्यांच्याविषयी नवाच आदर वाटला.

सव्वादहाला आम्ही गार्डन्सला पोचलो. चहूकडे तांबडा, बोडका खडक आणि मधे एकदम झाडी. कॉटनवुड जातीचे उंच वृक्ष, त्यांची पाने बहुतेक गळालेली. झाडांखालून ओढ्याचे पाणी खळाळत चाललेले. वर काठावर एक झरा नाही, आणि तीन हजार फूट खाली बारमाही पाणी! याचे कारण थरांत आहे. माथ्यावर पडलेला पाऊस आणि बर्फाचे पाणी चुनखडकाच्या भेगांतून मुरत खाली जाते. खाली चिकण मातीच्या पक्क्या खडकाचा थर लागतो. तो पाणी पुढे जाऊ देत नाही. मग ते आडवे सरकते आणि कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडते. आपल्याकडे मुरमाखाली पक्का पाषाण लागला की उताराला पाझर फुटतो, तोच हा प्रकार. माथ्यावर वर्षाला अवघा १६ इंच पाऊस, तळाला त्याच्याही निम्मा. तेवढ्यावर हा झरा चालतो.

झरा आहे तिथे शेतकरी असणारच. हवासुपाई हे तिथल्या मूळ रहिवाशांचे नाव. त्याचा अर्थ निळ्या-हिरव्या पाण्याची माणसे. वसंतात आणि उन्हाळ्यात ही कुटुंबे दरीत झऱ्याकाठी राहत, पाट काढून मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत. पीक घरात आले की हिवाळ्यात वरच्या पठारावर जात, शिकार करीत, पिन्यनच्या बिया गोळा करीत. मका, घेवडा आणि लाल भोपळा ही तिन्ही पिके मूळची त्याच खंडातली. तिथून ती आपल्या परसात आली. त्या खंडातले पुष्कळ शेतकरी ती एकत्र लावीत. मक्याच्या ताटावर घेवडा चढे, घेवडा जमिनीला नत्र देई आणि भोपळ्याचे वेल जमीन झाकून ओल धरून ठेवीत. आंतरपिकाचा हा धडा त्यांना कोणा कृषिखात्याने दिला नव्हता. आम्ही ज्या वाटेने उतरलो, ती वाटही मूळ त्यांच्याच पायांनी पडलेली.

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १८८२ मध्ये सरकारने हवासुपाई लोकांसाठी दुसऱ्या एका दरीतली फक्त ५१८ एकर जमीन राखून ठेवली. १९१९ मध्ये ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यान झाले. या झऱ्याकाठी शेती करून राहणाऱ्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशाला उद्यानाच्या प्रशासनाने १९२८ मध्ये तिथून बाहेर काढले. त्यानंतर १९३० च्या दशकात याच झऱ्याचे पाणी यंत्राने वर चढवून काठावरच्या उपाहारगृहांना आणि प्रवाशांना पुरवले जाऊ लागले. आज काठावरचे पाणी दरीच्या पलीकडच्या, उत्तर बाजूच्या झऱ्यावरून नळाने येते. तो नळ १९६० च्या दशकात टाकलेला. जुनाट झाल्यामुळे तो वारंवार फुटतो.

कसणारा गेला, पाट बुजले. मात्र जागेचे नाव इंग्रजीत "इंडियन गार्डन" असेच राहिले. कोणाची बाग, हे त्यात नव्हते. हवासुपाई लोकांनी मागणी लावून धरली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जागेला हवासुपाई गार्डन्स हे नाव देण्यात आले. आम्ही गेलो तेव्हा त्याला महिनाच झाला होता. त्याआधी १९७५ च्या कायद्याने त्यांना पठारावरची सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली होती. पण या झऱ्याकाठची ही बाग आजही उद्यानातच आहे.

ओढ्याकाठी पुऱ्या खाता खाता मी नातीला हे सांगितले. ती म्हणाली, "आजोबा, मग त्यांना नाव परत मिळालं, पण शेत नाही?" मी म्हटले, "होय, तसेच." धरणाखाली गेलेल्या आमच्या गावांत मी नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत. नव्या वसाहतीत दाराशी नळ आलेला असतो, पण म्हातारी माणसे अजून जुन्या विहिरीच्या पाण्याची चव सांगत बसतात. त्यांना ही हकीकत सांगितली, तर समजावून देण्याची गरज पडणार नाही.

ठरल्याप्रमाणे अकराला आम्ही वळलो. तिथून आणखी दीड मैल गेले की नदी दिसते. नातीची फार इच्छा होती, पाय तिचे ताजे होते. पण जोडीतला एक बैल मंद असला म्हणजे दुसऱ्याला त्याच्याच चालीने चालावे लागते, आणि त्या जोडीतला मंद बैल मी होतो. चढताना इतक्याच वेगाने चालायचे, की सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे असे समजावे. दर अर्ध्या तासाला पाच-दहा मिनिटे पाय पसरून बसायचे, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, दोन घोट पाणी प्यायचे. वाटेत एक तरुण जोडपे भेटले. एकच बाटली पाणी, पायांत साधे बूट, आणि दुपारचे दोन वाजले तरी खालीच चाललेले. मुलीने त्यांना घड्याळ दाखवले, आमचे उरलेले पाणी दाखवले आणि चढ किती आहे ते सांगितले. थोडा वेळ कुजबुज करून ते आमच्याबरोबर वर यायला लागले. सव्वाचारला आम्ही काठावर आलो. सौ. चहाचा थर्मास घेऊन उभ्या होत्या.

आता पुष्कळ खेड्यांतली मुले-मुली परदेशी शिकायला, नोकरीला जातात आणि आईवडिलांना बोलावून घेतात. कोणाचे तिकडे जाणे झाले तर ही सहल हिवाळ्यात जरूर करावी. निघण्यापूर्वी कोणती वाट उघडी आहे आणि कोणत्या नळाला पाणी आहे, हे उद्यानाच्या कचेरीत विचारावे. नळाच्या दुरुस्तीसाठी वाटा बंद ठेवाव्या लागतात. माघारी वळण्याची वेळ सुरुवातीलाच ठरवावी आणि मोडू नये. प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाच्या पाठीवर असावे.

ज्यांचे जाणे होणार नाही, त्यांनी आपल्याच शिवारात एक काम करून पाहावे. रब्बीची पेरणी उरकली, की एखाद्या रविवारी भाकरी बांधून घ्यावी आणि मुलांना घेऊन गावच्या ओढ्याच्या काठाने वर वर चालत जावे. घळीत थर कुठले दिसतात, पाझर कुठल्या थरातून फुटतो, माती कुठून वाहून आली, हे मुलांना हाताने दाखवावे. वाटेत एखादी पडकी विहीर किंवा बुजलेला पाट लागला तर थांबावे. तो कोणी काढला होता, त्या घरची माणसे आता कुठे आहेत, हे गावातल्या जाणत्या माणसांना विचारून घ्यावे आणि मुलांना नावानिशी सांगावे.