झ्वोलचा ऑर्गन, तिसऱ्या मजल्यावर

नेदरलँड्सला जाणारे आपले प्रवासी ॲमस्टरडॅमचे कालवे आणि ट्यूलिपची शेतं पाहून परततात. झ्वोल हे नाव त्यांच्या यादीत सहसा नसतं. आगगाडीनं तासाभराच्या अंतरावरचं, आयसेल नदीजवळचं हे जुनं व्यापारी गाव. इथल्या लोकांना ‘निळ्या बोटांचे’ म्हणून चिडवतात. गोष्ट अशी सांगतात, की मोठ्या चर्चच्या घंटा झ्वोलकरांनी शेजारच्या कांपेन गावाला भरमसाट किमतीला विकल्या. कांपेनकर वस्ताद! त्यांनी सगळी रक्कम तांब्याच्या चिल्लरीत चुकती केली. ती मोजता मोजता झ्वोलकरांची बोटं निळी पडली.

त्या चर्चला आज मनोरा नाही. विजेनं जळालेला मनोरा १६८२ मध्ये कोसळला तो कायमचाच. बाहेरून त्यामुळे इमारत जरा बोडकी दिसते. आत मात्र पाय टाकताच नजर वर जाते ती ऑर्गनकडे. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन म्हणजे पायपेटी, धातूच्या सुरांवर वाजणारी. हा पाइप ऑर्गन. चार हातपट्ट्या, पायांनी वाजवायची वेगळी पट्टी, ६४ स्टॉप आणि सुमारे चार हजार नळ्या! काही नळ्या पेन्सिलीएवढ्या, काही दोन माणसांपेक्षा उंच. हॅम्बुर्गचा विख्यात कारागीर आर्प श्निटगर याच्याकडे हे काम होतं. पण तो १७१९ मध्ये वारला आणि त्याच्या मुलांनी १७२१ मध्ये ते पुरं केलं.

असं वाद्य ऐकायचं तर पूर्वी पायपीटच करावी लागे. वीस वर्षांचा बाख १७०५ मध्ये बुक्स्टेहुडेचं वादन ऐकायला आर्नश्टाटहून ल्युबेकला गेला, तो चारशे किलोमीटर चालत. चार आठवड्यांची रजा होती, राहिला चार महिने!

माझ्या मुलाच्या शेजारी, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंकडे मात्र हाच झ्वोलचा ऑर्गन घरात आहे. सत्तरी उलटलेल्या बाई पूर्वी एका खेड्यातल्या चर्चमध्ये वाजवीत. माणसं येईनाशी झाली आणि चर्च बंद पडलं. त्या देशात हे आता ठिकठिकाणी होतं. वाजवणाऱ्याकडे कला उरली, वाद्य गेलं.

त्यांच्या झोपायच्या खोलीत तीन हातपट्ट्या, पायांची लाकडी पट्टी आणि टेबलाखाली संगणक. चेक प्रजासत्ताकातल्या मंडळींनी झ्वोलच्या ऑर्गनचा एकेक सूर स्वतंत्र ध्वनिमुद्रित केला आहे. नुसता सूर नव्हे. पट्टी सोडल्यावर चर्चच्या कमानींखाली घुमत विरत जाणारा नादही, आणि तोही पट्टी थोडा वेळ दाबली तर कसा, जास्त वेळ दाबली तर कसा, असा वेगवेगळा. बाईंनी बोट ठेवलं, की संगणक नेमका तोच सूर काढून देतो. वाजवण्याआधी भात्यातल्या वाऱ्याची बारीक घरघरसुद्धा येते. ती मला फार आवडली.

घरी सराव ही कल्पना काही नवी नाही. बाखच्या काळी चर्चमध्ये सराव करायचा तर भाता मारायला माणूस लागे, त्याला पैसे द्यावे लागत, आणि हिवाळ्यात बोटं गारठत. म्हणून वादक घरी क्लॅव्हिकॉर्ड ठेवीत, काही जण त्याला पायांची पट्टीही जोडून घेत. त्याचा आवाज अगदी नाजूक, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नसे. बाई त्याऐवजी कानांना हेडफोन लावतात. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पावलांची खटखट ऐकू येते!

खऱ्याची सर याला आहे का? मला विचाराल तर नाही. चर्चमध्ये मोठी नळी बोलली, की बाकाची फळी थरथरते. खोलीत ती थरथर नाही. पण तिथल्या ऑर्गनवर बाईंना रोज कोण बसू देणार? इथे त्या पहाटे पाचलाही बुक्स्टेहुडे वाजवतात.

मी भजनाला पेटी वाजवतो, हे कळल्यावर त्यांनी बारकाईनं चौकशी केली. डावा हात भात्यावर, वाजवायला एकच हात, हे ऐकून त्या थक्क झाल्या.

“मग स्वरलिपीची पानं कोण उलटतं?” त्यांनी विचारलं.

“आमच्याकडे पानंच नसतात,” मी म्हणालो.


त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि खुर्ची पुढे सरकवली.